जोखीम कोणाची? मंडळीच्या पाळकांना आणि पंचांना खुले पत्र

प्रिय पाळकहो, वडीलहो आणि पंचमंडळातील बंधुभगिनींनो,

प्रभू येशूच्या नावाने सलाम.

हे पत्र कोणा एका मंडळीला, म्हणजे चर्चला, उद्देशून नाही. मंडळीची सेवा कुठे धाडसाने करायची आणि कुठे जपून, हे ठरवणे ज्यांच्या हाती आहे त्या सगळ्यांसाठी आहे. मी बरीच वर्षे शब्बाथशाळेत, म्हणजे मंडळीतल्या मुलांच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात, शिकवते आणि काही काळ पंचमंडळाच्या बैठकांनाही बसले आहे. नवे काही सुचवले की तिथे एक प्रश्न हटकून निघतो : "यात धोका नाही ना?" प्रश्न गैर नाही, पण अर्धा आहे. धोका कोणाला, हे विचारल्याशिवाय तो पुरा होत नाही, आणि नेमके तेवढेच विचारायचे राहून जाते.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकते. स्वतःचे काही पणाला लावायची वेळ आली की आपल्या मंडळ्या ताकसुद्धा फुंकून पितात. दुसऱ्याचे काही पणाला लागत असेल, त्यातही ज्याला बैठकीत आवाज नाही अशाचे, तेव्हा मात्र आपण निर्धास्त असतो. पवित्र शास्त्रात हे बरोबर उलटे दिसते.

प्रेषित पौलाचे करिंथकरांस दुसरे पत्र उघडून पाहा. अकराव्या अध्यायात तो आपल्या हालअपेष्टा सांगतो : पाच वेळा एकोणचाळीस फटके, तीनदा छड्यांचा मार, एकदा दगडमार, तीनदा फुटलेले तारू. स्वतःच्या अंगावर काय येईल याचा हिशेब हा माणूस ठेवत नव्हता. पण त्याच पत्राच्या आठव्या अध्यायात हाच पौल एखाद्या काटेकोर कारकुनासारखा बोलतो. यरुशलेमेतल्या गरीब विश्वासणाऱ्यांसाठी वर्गणी जमत होती. ती पोचवायला आपला सहकारी तीत याच्याबरोबर मंडळ्यांनी स्वतः निवडलेला एक बंधूही जाईल, असे तो कळवतो. कारणही देतो : या मोठ्या रकमेच्या व्यवस्थेत कोणी आपल्यावर ठपका ठेवू नये, आणि जे योग्य ते प्रभूच्या दृष्टीने तसेच माणसांच्याही दृष्टीने योग्य दिसावे. प्रेषिताच्या शब्दावर लोकांनी पैसे दिले नसते का? दिले असते. तरी त्याने साक्षीदार सोबत घेतले, कारण पैसा त्याचा नव्हता. देणारे दूरचे होते, घेणारे गरीब होते, आणि काही कमीजास्त झाले तर झळ त्यांना बसणार होती.

एकाच माणसात हे धाडस आणि ही दक्षता एकत्र नांदतात, आणि दोन्हींचे मूळ एकच आहे : दुसऱ्याची काळजी. म्हणून धाडसी लोक एका बाजूला आणि सावध लोक दुसऱ्या बाजूला अशी जी वाटणी आपण करतो, तिच्यावर माझा विश्वास नाही. त्या वाटणीमुळे बैठकीत दोन तट पडतात. तरुण म्हणतात वडिलांना विश्वास नाही, वडील म्हणतात तरुणांना पोच नाही, आणि विषयाचे भिजत घोंगडे वर्षानुवर्षे पडून राहते.

अशीच एक बैठक माझ्या डोळ्यांसमोर आहे. मंडळी कोणती ते सांगत नाही, त्याची गरजही नाही. तुरुंगातून सुटून आलेल्या लोकांसाठी आठवड्यातून एक संध्याकाळ सभागृह उघडे ठेवावे, अशी सूचना आली होती. दोन बंधू दर आठवड्याला बसायला तयार होते. तासभर चर्चा झाली. खुर्च्या मोडतील, नव्या फरशीवर डाग पडतील, लोक काय म्हणतील, उपासनेला येणारी कुटुंबे यायची बंद होतील. एका वडिलांनी मंडळीचे नाव जपायला हवे असे दोनदा बजावले. शेवटी "पुढच्या बैठकीत पाहू" असे इतिवृत्तात लिहिले गेले. लगेच पुढचा विषय मुलांच्या निवासी शिबिराचा होता. तो चहा येईपर्यंत संपला. मुलांबरोबर रात्री कोण राहणार, मुलींच्या खोलीशेजारी कोण, नव्याने आलेल्या स्वयंसेवकाची पूर्वी कोणी चौकशी केली आहे का, एखादे मूल घाबरून काही सांगायला आले तर ते कोणाकडे जाईल, यातले काहीच निघाले नाही. "आपलीच माणसे आहेत" एवढ्यावर मंजुरी मिळाली.

फरशीसाठी एक तास आणि लेकरांसाठी पाच मिनिटे. त्या खोलीत वाईट माणूस एकही नव्हता, हे मी मनापासून सांगते. सवयच तशी पडली आहे. फरशी आपली असते, तिचा खर्च आपल्याला भरायचा असतो, म्हणून ती दिसते. मुलाच्या मनावर उमटणारा ओरखडा दिसत नाही, आणि दिसला तरी त्याची किंमत ते मूल एकटे मोजत राहते. जगभरच्या मंडळ्यांमध्ये, पंथ कोणताही असो, गेल्या काही दशकांत मुलांवरच्या अत्याचाराची जी प्रकरणे उघड झाली, त्यांत हाच धागा पुन्हा पुन्हा दिसतो. तक्रार आली तेव्हा पुढाऱ्यांनी संस्थेचे नाव जपले. त्यालाच ते शहाणपण समजले. प्रत्यक्षात त्यांनी भलतीच मोठी जोखीम घेतली होती, फक्त ती मुलांच्या माथी मारली होती.

दावीद राजाची एक गोष्ट इथे आठवते. आपण मुलांना गल्याथाची गोष्ट सांगतो, ही क्वचितच सांगतो. पलिष्ट्यांचे ठाणे बेथलेहेमात होते. दावीद सहज बोलून गेला की वेशीजवळच्या विहिरीचे पाणी कोणी पाजले तर! तीन वीर शत्रूची फळी फोडून गेले आणि पाणी घेऊन आले. दावीद ते प्यायला नाही. जिवावर उदार होऊन गेलेल्या माणसांचे हे रक्तच आहे, असे म्हणून त्याने ते परमेश्वरापुढे ओतले. माझ्या मते पुढाऱ्याने बैठकीला जाण्यापूर्वी हा उतारा वाचावा. लोक आपल्या एका शब्दावर जीव टाकतात, हे दावीदाला त्या दिवशी उमगले आणि आपल्या इच्छेसाठी कोणाचा जीव वापरायला तो धजला नाही. मंडळीतही पुढाऱ्याच्या सहज बोललेल्या इच्छेवर कोणीतरी नोकरी सोडते, कोणी दागिने विकून अर्पण देते, कोणी लहान मुले घेऊन अनोळखी मुलखात सेवेला जाते. ते पाणी पिण्याआधी पुढाऱ्याचा हात थांबायला हवा.

इंग्रज मिशनरी विल्यम कॅरी यांचे नाव आपण आदराने घेतो, आणि घ्यायलाच हवे. १७९३ मध्ये ते इंग्लंड सोडून बंगालमध्ये आले. १८१२ मध्ये सेरामपूरचा छापखाना जळाला, कितीतरी हस्तलिखिते राख झाली, तरी त्यांनी काम पुन्हा सुरू केले. त्याच छापखान्यातून १८११ मध्ये मराठी नवा करार निघाला होता, म्हणजे त्या धाडसाचे ऋण आपल्यावरही आहे. पण त्यांच्या पत्नी डोरोथी यांचे नाव किती उपदेशांत येते? त्या आधी यायला तयारच नव्हत्या. निघायच्या वेळी जहाजाला उशीर झाला, त्यांना पुन्हा गळ घालण्यात आली, आणि बहीण सोबत येणार असेल तर, या अटीवर त्या तान्हे मूल घेऊन निघाल्या. दुसऱ्याच वर्षी त्यांचा पाच वर्षांचा मुलगा पीटर आजाराने गेला. त्यानंतर डोरोथी यांचे मन सावरलेच नाही. १८०७ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या मानसिक आजाराने ग्रस्त होत्या. कॅरी गेले नसते तर बरे झाले असते, असे मी म्हणत नाही. त्यांच्या धाडसाची किंमत मोजणाऱ्या दोघांपैकी एकाच्याच नावाने आपण सभा भरवतो, एवढे म्हणते. एखाद्या कुटुंबाला सेवेला पाठवताना पतीला हात ठेवून आशीर्वाद देता, तेव्हा पत्नीला आधी वेगळे बसवून विचारता का? तिने नाही म्हटले तर तो नकार ऐकायची तुमची तयारी असते का? तिथे आजारी पडल्यावर कोण धावून जाईल, मुलांचे शिक्षण कसे होईल, परत यावेसे वाटले तर तोंड न लपवता परत येता येईल का, हे कोणी लिहून देते का?

परत येण्याबद्दल थोडे जास्त बोलते. फिलिप्पैच्या मंडळीने एपफ्रदीताला कैदेतल्या पौलाच्या सेवेला पाठवले. तिथे तो मरणाच्या दारापर्यंत जाऊन आला. पौलाने त्याला ठेवून घेतले नाही, परत पाठवले आणि मंडळीला लिहिले की याला पूर्ण आनंदाने स्वीकारा, अशांना मान द्या, कारण ख्रिस्ताच्या कामासाठी त्याने आपला जीव धोक्यात घातला. म्हणजे काम अर्धे टाकून घरी आलेल्या माणसाला मानपत्र! आपल्याकडे थकून परतलेल्या सेवकाच्या मागे कुजबुज सुरू होते. मग पुढचा तरुण निघायला का तयार होईल? पडलेल्याला उचलण्याची व्यवस्था नसलेली मंडळी धाडसाच्या नावाने कितीही उपदेश करो, तिची मुले घराबाहेर पाऊल टाकणार नाहीत, आणि त्यात त्यांचे काही चुकते असे मला वाटत नाही.

सावधपणाला भित्रेपणा समजणाऱ्यांसाठीही दोन शब्द. दुसऱ्या शतकात स्मुर्णा इथल्या मंडळीने आपले बिशप पॉलिकार्प यांच्या हौतात्म्याचा वृत्तांत लिहून ठेवला. त्यात क्विंटस नावाच्या एका माणसाचा उल्लेख आहे. तो आपणहून अधिकाऱ्यांपुढे हजर झाला, एवढेच नव्हे तर इतर काहींनाही त्याने भरीला घातले. श्वापदे समोर दिसताच त्याचे अवसान गळाले आणि त्याने मूर्तीपुढे धूप जाळला. पॉलिकार्प मात्र मित्रांच्या आग्रहावरून आधी शहराबाहेर राहिले होते, आणि पकडले गेल्यावर शेवटपर्यंत ठाम राहिले. जे स्वतःहून पुढे जातात त्यांची आम्ही प्रशंसा करत नाही, सुवार्ता तसे शिकवत नाही, असे त्या मंडळीने स्पष्ट लिहिले आहे.

कार्थेजचे बिशप सिप्रियन यांचे तर एकाच आयुष्यात दोन्ही दिसते. २५० मध्ये सम्राट डेसियसच्या काळात छळ सुरू झाला तेव्हा ते लपून राहिले आणि पत्रांतून मंडळी चालवली. रोममधल्या पुढाऱ्यांनी त्यावर नापसंती दाखवली. पुढे २५८ मध्ये मात्र ते आपल्याच शहरात मरणाला सामोरे गेले, १४ सप्टेंबरला त्यांचा शिरच्छेद झाला. मधल्या काळात साथ पसरली तेव्हा आजाऱ्यांची सेवा करा, तीही फक्त आपल्यांची नको, असे त्यांनी लोकांना शिकवले. पहिल्या खेपेला ते भ्याले आणि दुसऱ्या खेपेला धीट झाले, असा सोपा अर्थ मी काढणार नाही. मंडळीला आपला जिवंत उपयोग कुठे आणि मरणाने साक्ष कुठे, याचा विचार त्यांनी दोन्ही वेळा केला, असे मला दिसते.

आणि जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर. १५२७ मध्ये विटेनबर्गमध्ये प्लेग आला, विद्यापीठ येनाला हलवले गेले. ल्यूथर यांनाही निघा असा हुकूम होता. ते राहिले, त्यांच्या घरात आजारी माणसे ठेवली होती, पत्नी कॅथरिना त्या वेळी गरोदर होत्या. त्याच सुमारास दुसऱ्या शहरातल्या पाळकांनी विचारले की साथीपासून पळणे ख्रिस्ती माणसाला शोभते का. ल्यूथर यांच्या उत्तरातला समतोल आजही दुर्मिळ वाटतो. ज्यांच्यावर लोक अवलंबून आहेत त्या पाळकांनी आणि अधिकाऱ्यांनी जागा सोडू नये. सेवेला पुरेशी माणसे असतील तर बाकीच्यांनी जायला हरकत नाही. औषध घ्या, घर धुरी देऊन शुद्ध करा, जिथे आपली गरज नाही तिथे जाऊ नका. पण शेजाऱ्याला गरज लागली तर बेधडक जा. औषध नाकारून, काहीच पथ्य न पाळता हिंडणाऱ्याला त्यांनी विश्वासवीर म्हटले नाही. तो देवाची परीक्षा पाहतो, आणि त्याच्यामुळे दुसऱ्याला रोग झाला तर तो त्या मरणाला जबाबदार आहे, असे त्यांनी बजावले.

मंदिराच्या शिखरावर येशूची परीक्षा पाहताना सैतानानेही शास्त्रवचनच वापरले होते, हे विसरू नका. देवदूत झेलतील, उडी टाक. आज हीच उडी कधी मोठ्या इमारतीच्या कर्जाच्या रूपाने येते. पाळक म्हणतात, विश्वास ठेवा, देव पुरवील. एखादी बहीण हप्ते कसे फेडायचे असे विचारते आणि तिला अल्पविश्वासी ठरवले जाते. पण बुरूज बांधण्याआधी बसून खर्चाचा हिशेब करावा, हे खुद्द प्रभूचे उदाहरण आहे. हिशेब मागणारी ती बहीण प्रभूच्याच शब्दांना धरून आहे.

बहुमताचाही फार भरवसा धरू नये. पौलाला रोमला नेणाऱ्या तारवावर २७६ माणसे होती. हिवाळा जवळ आला होता, पुढे जाऊ नका असे पौल सांगत होता. ते बंदर हिवाळा काढायला सोयीचे नव्हते म्हणून बहुतेकांनी निघायचा सल्ला दिला. शताधिपतीने तारवाच्या मालकाचे आणि तांडेलाचे ऐकले. सोयीसाठी घेतलेली ती जोखीम होती, बहुमताने घेतलेली, आणि शेवटी तारू फुटले. माणसे वाचली ती देवाच्या दयेने. आपल्या ठरावांवरही कधीकधी असेच हात वर होतात.

आता उलट बाजू, कारण मला भीती या बाजूची जास्त वाटते. पैशाच्या दाखल्यातल्या तिसऱ्या दासाला आपण आळशी म्हणतो, प्रभूनेही म्हटले. धन्याने सोपवलेला पैसा त्याने जमिनीत पुरून ठेवला होता. पण ही गोष्ट त्या काळी बेजबाबदार मानली जात नव्हती. दुसऱ्याचा पैसा सांभाळायचा तर तो जमिनीत पुरून ठेवावा, असे यहूदी गुरूंच्या परंपरेत सांगितलेले आढळते. म्हणजे त्याच्यावर कोणताही ऑडिटर आक्षेप घेऊ शकला नसता. एक तालांत म्हणजे मजुराची साधारण वीस वर्षांची कमाई. तेवढी रक्कम त्याने पैन्‌पै परत केली. तरी धनी संतापला, कारण ती मुळात कामाला लावायला दिली होती, आणि दासाने जपले ते स्वतःला. "मी भ्यालो," असे तो स्वतःच सांगतो.

मंडळीच्या मुदत ठेवी पाहिल्या की मला हा दास आठवतो. राखीव निधी असावा, पाळकांचा पगार आणि छपराची दुरुस्ती अडू नये एवढा नक्की असावा. पण त्यापुढे ठेव वाढतच राहते, ती कशासाठी हे कोणाला सांगता येत नाही, आणि मंडळीतच एखादी विधवा भाडे थकल्यामुळे घराबाहेर पडायच्या बेतात असते. इथे मोडेल ती ठेव आपली, जाईल ती आपली प्रतिष्ठा, खर्ची पडेल ती आपली संध्याकाळ. इथेच तर धाडस दाखवायचे. ज्यांना कोणी दाराशी उभे करत नाही त्यांना आत घेतल्याने मंडळीचे नाव खराब होत असेल तर होऊ द्या. जकातदार आणि पापी यांचा मित्र, असे नाव प्रभूचेही लोकांनी ठेवले होते.

तुरुंगातून आलेल्यांना आत घ्या म्हणणारी मी आणि शिबिराला कडक नियम हवेत म्हणणारी मी, यात विसंगती आहे असे कोणाला वाटेल. मला ती दिसत नाही. त्या संध्याकाळी सभागृहात मोठी माणसे मोठ्या माणसांबरोबर बसतील, जाणूनबुजून, स्वतःच्या मर्जीने. मुले त्या वेळी तिथे नसतील, आणि ज्याचा भूतकाळ मुलांना अपाय करण्याचा आहे त्याला शब्बाथशाळेच्या आसपासही काम मिळणार नाही. क्षमा मिळाली म्हणजे किल्ली मिळाली असे होत नाही.

पौल आणि त्याचा सहकारी बर्णबा हे मार्क नावाच्या सोबत्यावरून भांडले, तेही इथे सांगण्यासारखे आहे. मार्क पहिल्या प्रवासात पंफुल्यातून निघून गेला होता. पुढच्या प्रवासाला त्याला नेऊ नये, हे पौलाचे म्हणणे होते आणि त्याला आधार होता. बर्णबाने त्याला नेण्याचा हट्ट धरला. वाद इतका पेटला की दोघे वेगळे झाले. पण बर्णबाने मार्काला पौलाच्या गळ्यात मारले नाही. "घेऊन बघा" असे म्हणून तो घरी बसला नाही. स्वतः त्याला घेऊन कुप्राला, म्हणजे सायप्रस बेटावर, गेला. जोखीम सुचवली ती त्याने स्वतः अंगावर घेतली. पुढे कैदेतून पौलच लिहितो की मार्काला घेऊन ये, तो सेवेसाठी मला उपयोगी आहे. बैठकीत धाडसाच्या सूचना करणाऱ्या प्रत्येकाला मी हेच विचारीन : तुम्ही स्वतः कुप्राला जाणार का?

म्हणून माझ्या मागण्या. कोणताही ठराव मंजूर करताना इतिवृत्तात एक ओळ जास्त लिहा : हे फसले तर झळ कोणाला बसेल, आणि त्या व्यक्तीला विचारले आहे का. झळ खोलीत बसलेल्यांना बसणार असेल तर चर्चेचे गुऱ्हाळ लावू नका, सहा महिन्यांसाठी सुरू करा, तपासणीची तारीख ठरवा आणि बंद करावे लागले तर निमूट बंद करा, कोणाला दोष न देता. झळ मुलाला, आजाऱ्याला, सेवकाच्या पत्नीला किंवा गरिबाच्या अर्पणाला बसणार असेल तर घाई करू नका, पाळकांनी कितीही जोर लावला तरी. मुलांच्या कामात एकटा प्रौढ कधीच नको. अत्याचाराची तक्रार आली तर ती थेट पोलिसांकडे जावी, पंचांनी आधी आपापसांत चौकशी करू नये. बँकेचे व्यवहार दोन सह्यांनी व्हावेत आणि हिशेब दरवर्षी बाहेरच्या माणसाने तपासावेत. यातले काही नियम तुमच्या घटनेत आधीच असतील. ते पाळले जातात का, एवढे बघा.

येत्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर मुलांच्या सुरक्षिततेचा विषय पहिला घ्या आणि त्याला लागेल तेवढा वेळ द्या. त्यानंतर सभागृहाच्या त्या संध्याकाळचा ठराव घ्या. त्याला पाच मिनिटे पुरतील. बसायला माणसे कमी पडत असतील तर माझे नाव लिहून घ्या.

ख्रिस्तातील तुमची बहीण,
शब्बाथशाळेची एक शिक्षिका